अमेरिकेला साक्षीला बोलावू नका

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फेब्रुवारीपासून सिगारेटवरून जुंपली आहे. 1 फेब्रुवारी 2026 ला भारतात सिगारेटवर 40 टक्के जीएसटी आला आणि शिवाय लांबीप्रमाणे अबकारी कर, हजार सिगारेटींमागे 2,050 रुपयांपासून 8,500 रुपयांपर्यंत. सांगलीत गणपती पेठेत आमचं जुनं दुकान आहे, किराणा आणि तंबाखूचं होलसेल. हल्ली ते माझा चुलतभाऊ अण्णा बघतो. त्यानं नव्या दरांचा कागद ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "सरकारनं गरिबाचा खिसा कापला. अमेरिकेत असलं चालतं का, विचारा आमच्या बाईला." अर्ध्या तासात मिरजेहून आतेबहिणीचं उत्तर आलं. तिचा दातांचा दवाखाना आहे. "अमेरिकेनं कर लावून लावूनच सिगारेट संपवली. आपण अजून दुप्पट लावायला पाहिजे. ताईलाच विचारा."

म्हणजे वादीची साक्षीदार मी आणि प्रतिवादीचीही मीच.

नवरा साताऱ्याचा आहे. त्याचं म्हणणं, सांगलीकरांना भांडायला विषय लागत नाही, फक्त ग्रुप लागतो. असेल. पण या भांडणात मला दोन्ही बाजूंचा वैताग आलाय आणि तो ग्रुपवरच्या दोन ओळींत मावत नाही.

दोघांच्याही डोक्यात एकेक अमेरिका आहे. अण्णाच्या अमेरिकेत कुणी कुणाला काही विचारत नाही, ज्यानं त्यानं आपल्या पैशानं पाहिजे ते करावं. बहिणीच्या अमेरिकेत कायदा झाला की लोक सोमवारपासून सुधारतात. मी राहते त्या अमेरिकेत पेट्रोल पंपावरच्या दुकानात दूध आणायला गेलं की काउंटरच्या मागं छतापर्यंत सिगारेटी रचलेल्या असतात आणि पुढं पिवळ्या कार्डावर लिहिलेलं असतं, दोन पाकिटं घेतलीत तर एवढे पैसे कमी.

मी नॉर्थ कॅरोलायनात राहते, रालेला लागून केरीत. हे तंबाखूचं राज्य. इथं राज्याचा कर पाकिटामागे 45 सेंट, 2009 पासून तेवढाच. केंद्राचा 1 डॉलर 1 सेंट, तोही 2009 पासून हललेला नाही. तिकडे न्यूयॉर्क राज्य 5 डॉलर 35 सेंट घेतं, शहरात राहत असाल तर वर आणखी दीड डॉलर. आणि मिझुरीत 17 सेंट. तेव्हा अमेरिकेत किती कर आहे या प्रश्नाला उत्तरच नाही. गाडी काढून शेजारच्या राज्यात गेलं की उत्तर बदलतं. अण्णाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग बरंय की, आमच्याकडं कर्नाटक दीड तासावर आहे."

मागच्या उन्हाळ्यात आय-फॉर्टी महामार्गाच्या एक्झिटवर पेट्रोल भरलं आणि पाणी घ्यायला आत गेले. पुढं एक पोरगा, कॉलेजातलाच असणार, पायात स्लाइड्स, कानात इअरबड. काउंटरवर नवसारीकडचे काका असतात. त्यांनी आधी लायसन्स मागितलं. 2019 च्या डिसेंबरपासून सगळ्या देशात वयाची अट 21 आहे आणि काका त्यात हयगय करत नाहीत. मग पोरानं फोन पुढं केला, काकांनी स्कॅनर टेकवला, टुंग झालं, आणि पडद्यावरची पाकिटाची किंमत डोळ्यांदेखत एक डॉलरनं उतरली. पोरगा गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला परवडतं कसं?" आमचं बोलणं हिंदीत चालतं. "बेन, मेरा क्या जाता है? कंपनी वापस देती है." पिवळं कार्ड कुठं लावायचं, कुठलं पाकीट कुठल्या खणात दिसलं पाहिजे, तेही कंपनीच सांगते, करारात लिहिलेलं असतं. काका नुसते स्कॅन करतात.

राज्यानं 45 सेंट घेतले, कंपनीनं एक डॉलर परत दिला. करानं महाग झालेली सिगारेट त्या पोराच्या हातात पडेपर्यंत पुन्हा स्वस्त झाली होती. एवढं एक जरी त्या दोघांच्या डोक्यात शिरलं तरी ग्रुपवरचं निम्मं भांडण मिटेल.

हा धंदा जुना आहे. 2 एप्रिल 1993 हा शुक्रवार इथल्या शेअर बाजारात मार्लबोरो फ्रायडे म्हणून ओळखला जातो. स्वस्त ब्रँड गिऱ्हाईक पळवायला लागले म्हणून फिलिप मॉरिसनं मार्लबोरोच्या पाकिटामागे 40 सेंट उतरवायचं जाहीर केलं. कंपनीचा शेअर एका दिवसात चौथ्या हिश्श्यानं पडला. बाजाराला वाटलं, संपलं यांचं. पण उतरवलेल्या किमतीनं गेलेलं गिऱ्हाईक परत आणलं आणि तो धडा सगळ्यांनीच गिरवला. पुढं 1998 मध्ये राज्यांनी कंपन्यांवर लावलेल्या दाव्यांत 46 राज्यांशी कंपन्यांची मोठी तडजोड झाली. रस्त्यावरचे फलक गेले, कार्टून गेली, ब्रँडचं नाव छापलेले टी-शर्ट आणि टोप्या गेल्या. मग तो पैसा गेला कुठं? फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे व्यापारावर नजर ठेवणारं इथलं सरकारी खातं, त्याचा हिशेब छापतं. 2019 साली सिगारेट कंपन्यांनी जाहिरात आणि विक्रीवाढीवर साडेसात अब्ज डॉलरांहून जास्त खर्च केला आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा दुकानदाराला किंमत उतरवायला दिलेल्या पैशाचा होता. आता जाहिरात किमतीतच असते, वेगळी दिसत नाही.

सवय पक्की झालेला माणूस किंमत वाढली तर कुरकुर करतो आणि ओढतो. खिशात मोजके पैसे असलेला, अजून धड सवय न लागलेला पोरगा मात्र किंमत बघून मागं फिरतो. हे कंपन्यांना पक्कं ठाऊक होतं, खटल्यांमधून बाहेर आलेल्या त्यांच्याच कागदांत ते आहे. 2006 मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी या कंपन्यांनी अनेक दशकं लोकांची फसवणूक केली आणि तरुणांना लक्ष्य करून माल विकला असा निकाल दिला. त्यानंतर काही शहरांना आणि राज्यांना जाग आली. रोड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरानं 2012 मध्ये कूपनं, म्हणजे त्या पोराच्या फोनमधली असली सूट, बंद केली, मग न्यूयॉर्क शहरानं केली, 2020 मध्ये न्यू जर्सी राज्यानं. आमच्या नॉर्थ कॅरोलायनाचा अजून पत्ता नाही. होणारही नाही इतक्यात, मी इथले लोक ओळखते.

आतेबहीण म्हणेल, पण संपली ना शेवटी? तर हो, बरीच संपली. 1965 मध्ये इथली 42 टक्के प्रौढ माणसं सिगारेट ओढायची, 2022 मध्ये 12 टक्क्यांच्या आत आली. पण त्यात सर्जन जनरलचा, म्हणजे सरकारच्या मुख्य डॉक्टरचा, सिगारेटच्या धोक्यावरचा 1964 चा अहवाल आहे, 1971 मध्ये रेडिओ-टीव्हीवरून गेलेल्या जाहिराती आहेत, ऑफिसातून, विमानातून, हॉटेलातून बाहेर काढलेला धूर आहे. कर त्यातला एक, आणि चांगला खणखणीत एक. मी काही कराच्या विरुद्ध नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते किरकोळ किमतीतला पाऊण हिस्सा कर असावा, आणि भारत त्याच्या बराच खाली राहिलाय. 2017 पासून जवळजवळ नऊ वर्षं किरकोळ सोडता कर वाढलाच नव्हता, तेव्हा गरिबाच्या खिशाचं कुणालाच सुचलं नाही. अण्णा, तुला कळवळा गरिबाचा आलाय की फेब्रुवारीत पडून राहिलेल्या मालाचा, हे मला ग्रुपवर विचारता आलं नाही, कारण तिथं काकी आहेत.

आता सांगलीकडे बघू. भारतात पाकिटावर एमआरपी छापलेली असते. कूपन नाही, ॲप नाही, दोनवर एक फुकट नाही. 2003 च्या कायद्यानं जाहिरात बंद केली, दुकानाला ठराविक मापाचा फलक तेवढा ठेवला. कागदावर आपण अमेरिकेच्या कितीतरी पुढं आहोत आणि हे मी इथल्या सहकाऱ्यांना अगदी छाती फुगवून सांगते. आपल्या पाकिटावर 85 टक्के जागा सडलेल्या जबड्याच्या चित्राला आहे. इथल्या पाकिटावर अजून बाजूला बारीक अक्षरांत चार शब्द असतात. ई-सिगारेट आपण 2019 मध्येच बंद केली, इथं शाळेच्या स्वच्छतागृहात पोरं ती ओढतात आणि मुख्याध्यापक आम्हाला ईमेल पाठवतात.

पण आपलं कूपन वेगळं आहे. सांगलीत सुट्टी एक सिगारेट मिळते.

अमेरिकेत वीसच्या खाली पाकीट विकता येत नाही. ज्याला नुसतं बघायचंय कसं लागतं, त्यालाही वीसचे पैसे मोजावे लागतात आणि तेवढे खिशात नसतात म्हणूनच कंपनीला कूपन द्यावं लागतं. विश्रामबागेत कॉलेजच्या बाहेर चार पोरं एक सिगारेट घेतात. टपरीला दोरीनं लायटर बांधलेला असतो, म्हणजे काडेपेटीचाही खर्च नाही. एक जण पेटवतो, बाकीचे म्हणतात दे जरा, आणि चौथ्यानं आयुष्यातला पहिला झुरका फुकटात घेतलेला असतो. तो सडलेला जबडा त्यानं पाहिलेलाच नसतो, कारण पाकीट टपरीवाल्याच्या खणात आहे. चित्राची 85 टक्के जागा टपरीवाला एकटा बघतो.

महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर 2020 मध्ये सुट्ट्या सिगारेटी-विड्यांची विक्री बंद केली आहे. हे ग्रुपवर लिहिलं तर अण्णानं हसण्याच्या नऊ की दहा खुणा पाठवल्या.

आणि लांबीचं बघा. आपल्याकडे सिगारेटवर कर मिलिमीटरवर बसतो. 65 च्या आत सगळ्यात कमी, त्याच्यापुढं चढत जातो. 2012 च्या बजेटमध्ये 65 मिलिमीटरच्या आतल्या फिल्टरवाल्या सिगारेटीला वेगळी, कमी कराची पायरी करून दिली आणि कंपन्यांनी तेवढ्या मापाच्या तोकड्या सिगारेटी बाजारात उतरवल्या. नाव तेच, डबा तोच, काडी बोटभर आखूड. आताच्या नव्या रचनेतही पायऱ्या आहेतच, तोकडीला हजारामागे दोन हजारांच्या आसपास. अण्णाला विचारा, फेब्रुवारीपासून काय खपतंय. त्यानं स्वतःच सांगितलं, लांबवाले खाली उतरले, सोडलं कुणीच नाही. मग खिसा कापला कुणाचा आणि कुणी वाचवला? अमेरिकेत कंपनी पदरचा डॉलर देते, आपल्याकडे सरकारच पायरी बांधून देतं. लांबी कितीही असो, कर एक, एवढं केलं तरी पुरे होतं.

पण खरा वैताग तो नाहीच. सांगलीत बसून माणसं सिगारेटवर भांडतात याचाच मला वैताग येतो. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले. तंबाखू तोंडात ठेवणारे 24.4 टक्के. बायकांमध्ये तंबाखूचं कुठलं ना कुठलं व्यसन असणाऱ्या 17 टक्के, आणि त्या काही स्टेशन चौकात उभ्या राहून झुरके घेत नव्हत्या. माझ्या आतेबहिणीच्या खुर्चीत रोज जो बसतो त्याचं तोंड उघडत नाही. दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत, असं ती मला फोनवर सांगते. पंचविशीतला पोरगा, मावा खाणारा. सुपारीनं गाल आतून चामड्यासारखे ताठ झालेले. हे रोज बघणारी बाई ग्रुपवर सिगारेटवर दुप्पट कर मागते, कारण टीव्हीवर चर्चा सिगारेटची आहे. गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे. मिरजेच्या बाजूला पोलिसांनी टेम्पो पकडल्याची बातमी दर थोड्या दिवसांनी येते आणि मला ती इथं बसून वाचायला मिळते, म्हणजे बंद किती आहे ते समजा.

आमच्या आजीचं मशेरीचं व्यसन कुणाच्याच पाहणीत नव्हतं. परसात चुलीवर जुना तवा ठेवायची, त्यावर दुकानातून आलेली तंबाखू टाकायची आणि काळी होईस्तोवर भाजायची. धूर असा घशाला लागायचा की आम्ही पोरं ठसकत आडाकडे पळायचो. मग ती खलात कुटायची, फडक्यातून गाळायची आणि एका चपट्या पत्र्याच्या डबीत भरायची. सकाळी चहाच्या आधी, दुपारी जेवणानंतर आणि रात्री मोरीजवळ बसून बोटानं हिरड्यांना लावायची, दहा-पंधरा मिनिटं तोंड न उघडता. त्या वेळात तिला हाक मारायची नाही. शेजारच्या बायका यायच्या, डबी फिरायची. सुनांनाही हळूहळू लागली, सासूपुढं बसायला तेवढंच निमित्त. माझी दाढ दुखायला लागली तेव्हा मी आठवी-नववीत असेन. आजी म्हणाली, "लाव गं जरा, बरं वाटतंय." लावली. डोकं गरगरलं, ओसरीवरच आडवी झाले, आणि दाढ खरंच थांबली. इथं 2010 पासून सिगारेटचे फुकट नमुने वाटायला बंदी आहे. आमच्या घरात नमुना द्यायला कंपनीची गरजच नव्हती.

मला ती लागली नाही, हा निव्वळ योगायोग. दोन चुलत बहिणींना लागली.

विडीचं तर बोलायलाच नको. सिगारेटवर 40, विडीवर 18. आधी 28 होता, तो खाली आणायचं सप्टेंबर 2025 मध्ये ठरलं आणि फेब्रुवारी 2026 पासून आणला, तेंदूपत्त्यावरचा तर सप्टेंबरातच 18 वरून 5. सोलापुरात घराघरांतल्या बायका विड्या वळतात, त्यांची चूल त्यावर आहे, हे मान्य. पण विडी काही औषध नाही. त्या बायकांना दुसरं काम द्यायची धमक कुणात नाही, म्हणून त्यांच्या नावावर विडी स्वस्त ठेवायची. कर लावताना छातीचा विचार करायचा आणि कमी करताना मताचा.

इथं मला अमेरिका आवडते, तेवढी तरी कबूल करते. 2004 मध्ये इथल्या सरकारनं तंबाखू शेतकऱ्यांची कोट्याची, म्हणजे कुणी किती तंबाखू पिकवायची हे ठरवून द्यायची, जुनी पद्धत मोडली आणि मोडताना त्यांना दहा वर्षं पैसे दिले, तेही सिगारेट कंपन्यांकडून वसूल करून. 1998 च्या तडजोडीत कंपन्यांकडून मिळालेल्या पैशातला निम्मा वाटा नॉर्थ कॅरोलायनानं तंबाखूवर जगणाऱ्या गावांसाठी वेगळा काढला. आमच्या ऑफिसातल्या एकीच्या वडिलांनी त्या पैशात रताळी लावली, आता थँक्सगिव्हिंगला आम्हाला खोकाभर रताळी येतात. आपल्याकडे निपाणीत 1981 मध्ये शरद जोशींच्या मागं तंबाखूवाले शेतकरी हमरस्त्यावर बसले होते, भाव मागत. त्यांना गोळ्या मिळाल्या. माझे वडील तेव्हा वखारीत माल बघायला निपाणीला जायचे आणि त्या आठवड्याबद्दल ते कधीही बोलले नाहीत. तंबाखू कमी करा म्हणणाऱ्या कुणी जयसिंगपूरच्या, निपाणीच्या शेतकऱ्याला त्याऐवजी काय लावायचं हे विचारलंय का? विचारलं असेल तर उसाचं नाव सांगितलं असेल, आणि उसाचं काय होतं ते सांगलीला सांगायला नको.

डरहॅममध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीचा जुना कारखाना आहे. 1987 मध्ये बंद पडला, 2004 मध्ये दुरुस्त करून ऑफिसं आणि हॉटेलं झाली. विटांच्या धुराड्यावर लकी स्ट्राइकचं नाव तसंच ठेवलंय. शेजारी बेसबॉलचं मैदान. आमच्या टीमचं जेवण तिथं असतं. मी औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी बघते, त्यात फुप्फुसाच्या कॅन्सरची औषधंही येतात, आणि ती मीटिंग आम्ही त्या धुराड्याखाली घेतो. ड्यूक विद्यापीठ ड्यूक घराण्याच्या तंबाखूच्या पैशातून मोठं झालं, 1924 मध्ये त्याला ते नाव मिळालं. तिथं कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आहे. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार मजा वाटली आणि मी ग्रुपवर लिहिलं, बघा यांचा ढोंगीपणा. अण्णानं त्यावर एकच ओळ टाकली होती : "तुझी फी कुठल्या गल्ल्यातून गेली?"

त्याचं बरोबर होतं आणि मला ते झोंबलं. माझी इंजिनिअरिंगची फी, हॉस्टेल, पहिलं विमानाचं तिकीट, सगळं गणपती पेठेतून आलं, आणि दुकानात किराण्याला नफा नव्हता. साखर-रवा गिऱ्हाईक टिकवायला होता, पैसा तंबाखूत. अण्णा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बारावीनंतर काकांनी त्याला गल्ल्यावर बसवला, मला म्हणाले तू शिक. मुलगी म्हणून मला गल्ल्यावर बसू दिलंच नसतं, त्यामुळे त्यात त्याग कुणाचा आणि सूट कुणाला हे अजून ठरलेलं नाही. पण तो तंबाखू विकत राहिला म्हणून मी आज तंबाखूविरुद्ध मोकळेपणानं लिहू शकते. आमच्या आळीत कुणाला हे सांगावं लागत नाही. इथं केरीत कुणाला सांगितलं तर म्हणतात, वा, किती रंजक.

आणखी एक. मला आता सांगलीत सुट्टी सिगारेट किती रुपयांना मिळते ते माहीत नाही. तंबाखूच्या पुडीचाही भाव माहीत नाही. ज्या घरात जेवताना बाजारभाव बोलले जायचे तिथली मी, आणि या लेखासाठी मला अण्णाला विचारावं लागलं. त्यानं सांगितला नाही. "तुला काय घ्यायचीय का?" म्हणाला. इथल्या पाकिटाची किंमत मात्र मला दर आठवड्याला दिसते, आयता तोंडपाठ झालेला भाव, ज्याच्याशी माझा काही संबंध नाही. मत द्यायला दोन्हीकडे अडचण. तिकडचं नागरिकत्व सोडलं, इकडच्या काउंटीच्या सभेला गेले तर तीन मिनिटं बोलायला मिळतात आणि माझ्या उच्चारापाशी पहिलं मिनिट संपतं. सांगलीच्या घराची घरपट्टी अजून माझ्या नावावर येते, म्हणून थोडासा हक्क सांगते.

तो हक्क वापरून अण्णाला लिहिलं : कर राहू दे, तो सरकार बघेल. तू होलसेलवाला आहेस. टपरीवाले तुझ्याकडून उधारीवर माल उचलतात, वही तुझ्याकडे आहे. जो शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत सुट्टी विकतो त्याची उधारी बंद कर. कायदा आधीपासून आहे, शंभर यार्डांचाही आणि सुट्टीचाही. पोलीस करत नाहीत ते तुझी वही करेल.

आतेबहिणीनं लगेच अंगठा दिला. तिला मी वेगळं लिहिलं : तुझ्या दवाखान्यात सिगारेटची पोस्टरं लावतेस, ती काढ आणि माव्याची लाव. अंगठा परत घेतला नाही, पण उत्तरही आलं नाही.

अण्णाचं उत्तर रात्री उशिरा आलं, म्हणजे त्याच्याकडे सकाळी दुकान उघडताना. "अकरा टपऱ्या आहेत तसल्या. दोघांच्या घरात पुराचं पाणी गेलेलं 2019 ला, तेव्हापासूनची उधारी अजून फिटली नाही. मी बंद केली तर उद्या पलीकडचा मारवाडी देणार. तू येऊन महिनाभर गल्ल्यावर बस, मग सांग कुणाची बंद करायची."

डिसेंबरचं तिकीट बघतेय. महिना मिळणार नाही, पीटीओ, म्हणजे भरपगारी रजा, तीन आठवड्यांचा उरलाय. अण्णाला तसं कळवलं आणि सांगितलं की वही पहिल्या दिवशी माझ्या हातात पाहिजे. काकींनी खाली लिहिलंय, बस खुशाल, पण गल्ल्यावर बसायचं तर सकाळी सातला.